कापूस भरलेली पिकअप आणि तिचे ब्रेक

दिवाळीच्या आगेमागे आदिलाबादच्या मार्केट यार्डाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागू लागते. बैलगाड्या असतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात, पण सगळ्यात जास्त दिसतात त्या पिकअप. बेला, जैनथ, भीमपूर, तलमडगू अशा मंडलांतून त्या येतात. हौद्याला फळ्या लावून उंची वाढवलेली, आत कापूस तुडवून भरलेला, वर ताडपत्री आणि ताणून बांधलेले दोर. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांवर गेला की माल नाकारला जातो, म्हणून शेतकरी कापूस वाळवून, दव टाळून आणतो. भावाची, काट्याची, ओलाव्याची एवढी काळजी घेणारा माणूस ज्या गाडीतून हा सगळा हंगाम ने-आण करतो, तिच्या ब्रेकची चौकशी मात्र चाकातून खरखर ऐकू आल्यावरच करतो.

आणि मग गॅरेजात वाक्य ठरलेलं असतं: “मिस्त्री, या खेपेला जरा भारीतले पॅड टाका. डिस्कपण चांगली बघा.” मागणी रास्त आहे. पण भारीतलं म्हणजे काय? भोकं पाडलेली चकचकीत डिस्क? सिरॅमिक असं लिहिलेला महागडा डबा? की जास्त जोरात चावणारा पॅड? माझं उत्तर या तिन्हींहून वेगळं आहे. मालवाहू पिकअपचा ब्रेक सुधारायचा म्हणजे तो जास्त उष्णता सोसू शकेल असा करायचा. बाकीचे सगळे निर्णय या एका गोष्टीवरून होतात.

थोडा हिशेब मांडू. मालासकट ३ टन वजनाची पिकअप ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे. तिची गतिज ऊर्जा भरते सुमारे ४१७ किलोज्यूल. गाडी थांबवायची म्हणजे ही ऊर्जा कुठेतरी जायला हवी, आणि ब्रेक तिची उष्णता करतो. खोलीच्या तापमानाचं सव्वा लिटर पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते, साधारण तेवढी ही एका थांबण्यातली उष्णता. वेग ८० केला की ऊर्जा ७४१ किलोज्यूल होते. वेग फक्त एक तृतीयांशाने वाढला, उष्णता मात्र पावणेदोन पटींहून जास्त झाली, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्याच गाडीत आणखी एक टन माल चढवला तर ताशी ८० ला हाच आकडा ९८८ किलोज्यूलवर जातो.

ही उष्णता लोखंडात जाते. यातला दोन तृतीयांश वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो आणि त्या दोन्हींचं मिळून वजन १६ किलो आहे असं धरू. मग ताशी ६० वरून एकदा थांबताना डिस्कचं तापमान साधारण ३८ अंशांनी चढतं, ताशी ८० वरून थांबताना ६७ अंशांनी. एक-दोनदा ब्रेक मारला तर काही बिघडत नाही, वारा लागतो आणि डिस्क निवते. पण महामार्गावर पुढे गुरं, मग ऑटो, मग गावचा फाटा, मग स्पीडब्रेकर, अशी पाठोपाठ वेळ आली की निवायला उसंत मिळत नाही आणि अंश एकावर एक चढत जातात.

खरी परीक्षा उताराची. आदिलाबाद शहराच्या आसपासचा भाग बऱ्यापैकी सपाट आहे, पण जिल्ह्याचा दक्षिण आणि पूर्व भाग डोंगराळ. राष्ट्रीय महामार्ग ४४, म्हणजे पूर्वीचा ७, नागपूरकडून पैनगंगा ओलांडून आदिलाबादला येतो आणि गुडीहतनूर, इच्चोडा, नेरडीगोंडा करत निर्मलकडे जातो. निर्मलच्या आधी डोंगर उतरावा लागतो, तिथला जुना वळणावळणाचा महबूब घाट ड्रायव्हर लोकांच्या चांगला ओळखीचा. २०१६ च्या ऑक्टोबरात जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि तो उतार निर्मल जिल्ह्यात गेला, पण आदिलाबादहून हैदराबादकडे माल नेणाऱ्याला तो चुकत नाही. उटनूर-जैनूरकडून आसिफाबादला जाताना केरमेरीचा घाट लागतो, तिथे वळणं आणखी आवळ. आता समजा ३ टनांची गाडी उंचीने २०० मीटर खाली उतरली. गुरुत्वाकर्षणाने दिलेली ऊर्जा होते ५८८० किलोज्यूल. म्हणजे ताशी ६० वरून गाडी चौदा वेळा थांबवण्याएवढी, आणि तीही काही मिनिटांत. ही सगळी ब्रेकवरच घातली आणि वाऱ्याने काहीच नेली नाही असं धरलं तर पुढच्या डिस्क ५३० अंशांनी तापतील. प्रत्यक्षात वारा बराच वाटा नेतो, इंजिनाचा गिअर त्याहून मोठा वाटा उचलतो. पण गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा ड्रायव्हर इंजिनाचा वाटा शून्यावर आणतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम या हिशेबात चपखल बसतो. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारेही भेटतात. इंजिन बंद झालं की ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्युम मिळणं थांबतं, साठलेल्या व्हॅक्युमवर दोन-तीन वेळा पेडल नीट चालतं आणि मग ते दगडासारखं घट्ट होतं.

तापलेल्या ब्रेकला दोन वेगळे रोग होतात आणि त्यांची लक्षणं उलटी असतात. पहिल्यात पेडल घट्ट लागतं, पाय पूर्ण जोर लावतो, पण गाडी धरत नाही. तापमान मर्यादेबाहेर गेल्याने पॅडमधली राळ विघटित होऊ, जळू लागते आणि पॅड-डिस्कमधलं घर्षण घसरतं. दुसऱ्यात पेडल मऊ पडतं, पायाखालून खाली जात राहतं. इथे पॅडचा दोष नसतो. कॅलिपरमधलं ब्रेक ऑईल उकळून त्यात वाफ झालेली असते आणि वाफ दाबली जाते, द्रव तसं दाबलं जात नाही. घाटातून खाली आल्यावर ड्रायव्हरने मिस्त्रीला नुसतं “ब्रेक गेला” म्हणण्याऐवजी पेडल घट्ट होतं की मऊ एवढं सांगितलं, तर निम्मं निदान तिथेच होतं. पॅडचा दोष असताना ऑईल बदलून, किंवा ऑईलचा दोष असताना महागडे पॅड टाकून पैसे वाया गेलेले मी बरेच पाहिले आहेत.

आता पॅड. उतारावर गाडी आवरण्याच्या गरजेतूनच या धंद्याचा जन्म झाला, हे मला फार योग्य वाटतं. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने पाहिलं की उतारावर घोडागाडीचे लाकडी ब्रेक पुरे पडत नाहीत आणि गाडीवान चाकाला जुने बूट अडकवतात. त्यावरून त्याने घर्षणाचं वेगळं साहित्य बनवायला घेतलं आणि १८९७ मध्ये त्यातून फेरोडो कंपनी उभी राहिली. मुंबईत घाटकोपरला याच नावाचा हिंदुस्तान फेरोडोचा कारखाना होता, तीच पुढे हिंदुस्तान कंपोझिट्स झाली. पुढची कित्येक दशकं जगभर ब्रेक लायनिंगचा आधार अ‍ॅस्बेस्टॉस होता, कारण ते उष्णतेला दाद देत नाही आणि स्वस्त पडतं. मात्र त्याचे धागे श्वासातून फुप्फुसात गेले की वर्षानुवर्षांनी अ‍ॅस्बेस्टॉसिस आणि कर्करोग होतो. म्हणून नामांकित कंपन्या आता त्याशिवाय पॅड बनवतात आणि डब्यावर तसं छापतात. तसं छापलेलं नसेल तर तो डबा ठेवून द्या. आणि गॅरेजवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: जुना ड्रम उघडल्यावर हवेच्या पाईपने भुकटी उडवू नका. पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. बाजूला उभं असलेलं शिकाऊ पोरगं ती भुकटी रोज श्वासात घेत असतं.

आजच्या बाजारात ढोबळमानाने तीन जातीचे पॅड मिळतात. ऑरगॅनिक पॅड तंतू, राळ आणि रबर यांच्या मिश्रणाचे. ते मऊ असतात, आवाज करत नाहीत, डिस्क कमी खातात, पण फार तापले की लवकर हार मानतात. रिकामी गाडी, गावातली ये-जा, यासाठी ठीक. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये पोलादाचे तंतू आणि लोखंडाची भुकटी असते, वजनाच्या सुमारे ३० ते ६५ टक्क्यांपर्यंत. धातू उष्णता ओढून घेतो आणि पसरवतो, त्यामुळे तापल्यावरही घर्षण टिकतं. त्याची किंमत आपण तीन ठिकाणी मोजतो. सकाळी थंड असताना चरचर होते, रिमवर काळी भुकटी बसते आणि डिस्क थोडी लवकर झिजते. तिसरी जात सिरॅमिक. शांत, भुकटी कमी, रिम स्वच्छ. कारवाल्याला हे सगळं हवंच असतं. पण सिरॅमिक हा शब्द डब्यावर छापला म्हणून पॅड भारवाहू झाला असं नाही. त्यातले बहुतेक पॅड हलक्या प्रवासी गाड्यांसाठी बनवलेले असतात. कापूस, सोयाबीन, खताच्या गोण्या आणि मधूनमधून सिमेंट वाहणाऱ्या पिकअपला मी सेमी-मेटॅलिकच निवडीन, आणि तोही मालवाहू गाडीसाठी बनवलेला असं कंपनी स्पष्ट म्हणत असेल तो. चरचर झाली तर होऊ द्या.

पॅडची पाठ किंवा कड नीट पाहा. तिथे बारीक अक्षरं आणि आकडे ठोकलेले किंवा छापलेले असतात, त्यांच्या शेवटी बहुधा दोन रोमन अक्षरं असतात: ईई, एफएफ, जीजी किंवा मिसळीतली एखादी जोडी. पहिलं अक्षर सामान्य तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. भारवाहू गाडीसाठी दुसरं अक्षर जास्त मोलाचं. एफई असा पॅड थंड असताना बरा चावतो पण तापला की खाली घसरतो. एफएफ टिकून राहतो. पण याचा अर्थ जीजी घेतला की काम फत्ते, असा मात्र नाही. ही अक्षरं फक्त घर्षणाची पायरी सांगतात. पॅड किती दिवस टिकेल, ओल्यात कसा वागेल, पाठीच्या पत्र्यापासून सुटेल का, यातलं काहीही त्यात नसतं. शिवाय पुढच्या चाकांना एकाएकी फार चावणारे पॅड लावले आणि मागचे ड्रम तसेच राहिले तर गाडीचं मोजून बसवलेलं गणित मोडतं. एबीएस नसलेल्या जुन्या पिकअपमध्ये ओल्या रस्त्यावर पुढची चाकं आधी अडकली की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. युरोपात विकल्या जाणाऱ्या बदली पॅडसाठी आर ९० नावाचा नियम आहे. त्यानुसार पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या वरखाली १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. जास्त चांगला पॅडदेखील मर्यादेत हवा, हे त्या नियमाने मान्य केलं आहे. म्हणून एक घर वर जायचं ठीक, दोन घरं नको. डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना एकाच कंपनीचा, एकाच डब्यातला संच हवा, हे सांगायची गरज पडू नये, तरी सांगतो.

डिस्कबद्दल दोन गोष्टी ऐकू येतात, आणि दोन्हींत तथ्याहून दिखावा जास्त. पहिली, भोकं पाडलेली डिस्क थंड राहते. रेसच्या गाड्यांत ही पद्धत आली तेव्हाच्या पॅडमधून तापल्यावर बराच वायू सुटायचा आणि भोकांतून तो निघून जायचा. आताच्या पॅडमध्ये तो प्रश्न फारसा उरलेला नाही. पण प्रत्येक भोकाबरोबर लोखंड कमी होतं. आपला सगळा हिशेब उष्णता साठवणाऱ्या लोखंडाचाच होता. त्यातून भोकाच्या कडेपासून केसासारखे तडे निघतात, भारवाहू गाडीवर तर लवकरच. पिकअपला भोकांची डिस्क मी कधीच सुचवणार नाही. दुसरी गोष्ट खाचांची. बारीक खाचा असलेली डिस्क पॅडच्या तोंडावरची जळकी चमक खरवडून काढते, पाणी आणि माती बाहेर ढकलते. खर्च परवडत असेल आणि पॅड थोडे लवकर झिजलेले चालत असतील तर ती गैर नाही. पण त्याच पैशात मूळ मापाची, जड, आत हवेच्या पन्हाळ्या असलेली, जास्त कार्बनच्या बिडाची डिस्क मिळत असेल तर ती जास्त उपयोगी. दोन घर्षणपृष्ठांमधल्या त्या पन्हाळ्यांतून चाक फिरताना हवा आतून बाहेर फेकली जाते आणि डिस्क आतून निवते. डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं, पण लोकांनी ती मनावर घेतली १९५३ मध्ये, डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर जातो, डिस्क मात्र जाडीने फुगून पॅडच्या जवळ येते. हा साधा फरक तिथे कामी आला.

जुनी डिस्क ठेवायची की बदलायची हे डोळ्यांनी आणि व्हर्निअरने ठरवायचं. कॅलिपर सोडून डिस्क उजेडात धरा. बाहेरच्या कडेला झिजेमुळे एक उंच कंगोरा तयार झालेला दिसेल, नख लावलं की अडतो. पृष्ठभागावर गोल, निळसर-जांभळे डाग असतील तर तिथे लोखंड फार तापून गेलं आहे. मध्यातून कडेकडे जाणारे केसाएवढे तडे दिसले आणि त्यातला एखादा कडेपर्यंत पोहोचला असेल तर ती डिस्क भंगारात. आता मध्यभागी किंवा कडेवर कोरलेलं कमीत कमी जाडीचं माप वाचा आणि व्हर्निअरने सात-आठ ठिकाणी जाडी मोजा, कंगोरा टाळून. कुठेही माप त्याच्या खाली गेलं असेल तर लेथवर घासून गुळगुळीत करून चालणार नाही. घासल्यावर ती आणखी पातळ होईल आणि घाटात आणखी लवकर तापेल. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं तेव्हा सगळे म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. तापलेल्या पॅडचं साहित्य डिस्कवर एका जागी जाड चिकटतं, कुठे जाड कुठे पातळ, आणि त्यातून थरथर येते. घाट उतरून टपरीवर गाडी उभी केली आणि पाय ब्रेकवर दाबून ठेवला की असा ठसा बसतोच. थांबताना गाडी गिअरमध्ये टाका, चाकाखाली दगड लावा, पाय काढा. आणि तापलेल्या डिस्कवर, ड्रमवर बादलीने पाणी ओतू नका. बिडाला तडा जायला तेवढं पुरतं.

इथवर जे पॅड-डिस्कवर खर्च करायला निघाले आहेत त्यांनी आधी गाडीच्या मागे वाकून पाहावं. आपल्याकडे पिकअप घेतली की पहिल्या महिन्यात मागचे पाटे वाढवतात. एक, कधी दोन. कापसाचा ढीग दिसायला अवाढव्य, पण पाटे वाढवले जातात ते रेती, सिमेंट, धान्य यांच्यासाठी. अनेक पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, त्याला जोडलेली दांडी अ‍ॅक्सल आणि चॅसी यांमधलं अंतर मोजत असते. माल भरला की चॅसी खाली बसते, अंतर घटतं, व्हॉल्व्हला कळतं की मागे वजन आलं, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, म्हणजे मागची चाकं घसरू नयेत. आता पाटे वाढवले. माल भरूनही चॅसी पूर्वीइतकी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी अर्धी रिकामी आहे. मागचा ब्रेक दुबळा राहतो आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर पडतो. पुढचे पॅड तीन-चार महिन्यांत संपतात, मालक पॅडच्या कंपनीला शिव्या घालतो. भारीतले पॅड टाकूनही तेच होणार. पाटे वाढवले असतील तर त्या व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाने पुन्हा लावून घ्या, आणि वाढवले नसतील तर वाढवू नका. माझ्या मते पिकअपच्या ब्रेकची पहिली सुधारणा हीच, आणि तिला पॅडच्या डब्याएवढाही खर्च येत नाही.

मागचे ड्रमही उघडून बघायचे. अ‍ॅक्सलच्या सीलमधून तेल झिरपून लायनर ओले झाले असतील तर ते घासून, जाळून परत लावायचे नाहीत, बदलायचे. रिव्हेट केलेल्या लायनरमधल्या रिव्हेटचं डोकं वर आलं तर ड्रमवर चर पडतात. व्हील सिलिंडरच्या रबरामागे ओल दिसली तर तोही संपला. आणि मागचा ब्रेक सैल असेल तर पेडलचा निम्मा प्रवास लायनर ड्रमपर्यंत पोहोचण्यातच जातो.

ऑईलवर सगळ्यात कमी बोललं जातं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं, डबा बंद असला तरी रबरी पाईपांतून थोडं थोडं आत जातंच. डॉट ३ प्रतीचं ऑईल नव्या अवस्थेत निदान २०५ अंशांना उकळतं, पाणी शिरल्यावर १४० ला. डॉट ४ नवं निदान २३० ला, पाणी शिरल्यावर १५५ ला. आदिलाबादचा उन्हाळा पारा ४५ च्या वर नेतो, पावसाळा हवेत दमट ओलावा ठेवतो, आणि बऱ्याच पिकअपमध्ये कंपनीने भरलेलं ऑईल गाडी विकेपर्यंत तेच असतं. दर दोन वर्षांनी सगळं ऑईल काढून नवं डॉट ४ भरलं आणि हवा नीट काढली तर मऊ पेडलचे अर्धे किस्से संपतील. डॉट ५ नावाचं एक सिलिकॉनचं ऑईल असतं, आकडा मोठा म्हणून ते घेऊ नका, ते या दोन्हींत मिसळत नाही. डॉट ५.१ मिसळतं आणि आणखी उशिरा उकळतं. नाव जवळचं म्हणून दुकानात गोंधळ होतो, डबा वाचूनच घ्या.

काळ्या मातीचा आणखी एक त्रास इथल्या गाड्यांना असतो. शेतरस्त्यावरचा चिखल कॅलिपरच्या सरकत्या पिनांवर वाळून बसतो. पिना अडकल्या की कॅलिपर सरकत नाही, आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजतो आणि बाहेरचा अर्धा शिल्लक राहतो. पॅड काढल्यावर असा फरक दिसला तर नवे पॅड तेवढ्याच लवकर जातील. पिना साफ करून उष्णता सोसणारं सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस तिथे रबर फुगवतं आणि वितळून पॅडवर येतं. चाक मोकळं सुटत नसेल, ब्रेक सतत घासत असेल, तर कापूस भरलेल्या गाडीला ते दुहेरी धोक्याचं. अडकलेल्या ब्रेकच्या उष्णतेने टायर पेटतात, आणि वर कापूस आहे.

कायद्याचं एक कलम लक्षात ठेवायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीविना बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा काटेकोर अर्थ लावला. मूळ मापाचे दर्जेदार पॅड आणि डिस्क लावणं हा दुरुस्तीचा भाग आहे. मोठी डिस्क बसवायला वेगळा कॅलिपर, वेगळा ब्रॅकेट वेल्ड करून लावणं मात्र गाडी बदलणं झालं, त्यातून अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. गल्लीतल्या वेल्डिंगवर ब्रेक लटकवणं तसंही मला मान्य नाही. त्या मापाचं वजन वाहायचं असेल तर त्या मापाची गाडी घ्यावी.

डबा घेताना ओळखीच्या अधिकृत दुकानातून बिलासह घ्या. नकली डब्यांवर छपाई आता हुबेहूब होते, पण पॅड हातात घेतला की कळतं. पाठीच्या पत्र्याची कड ओबडधोबड, रंग खरवडून निघणारा, पत्रा आणि साहित्य यांच्यामध्ये फट, कोपरा नखाने तुटणारा, अक्षरं अर्धवट किंवा गायब. राणे, सुंदरम, ब्रेक्स इंडिया अशा भारतीय कंपन्यांची नावं दुकानात ऐकू येतील, शिवाय गाडीच्या कंपनीचे स्वतःच्या डब्यातले पॅड असतात. नावापेक्षा तुमच्या मॉडेलचा आणि वर्षाचा भाग क्रमांक जुळणं महत्त्वाचं, कारण एकाच नावाच्या पिकअपमध्ये वेगवेगळ्या भारक्षमतेला वेगवेगळे पॅड असू शकतात. आरसी हातात घेऊन दुकानात जा.

सगळं बसवल्यावर गाडी तशीच भरून यार्डाकडे न्यायची नसते. नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून लावलेलं तेल आधी ब्रेक क्लीनरने पुसून काढायचं. मग रिकामी गाडी, पहाटेचा मोकळा रस्ता, मागे कुणी नाही याची खात्री. ताशी ५०-६० वरून मध्यम दाबाने १०-१५ पर्यंत वेग आणायचा, पूर्ण थांबवायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. मध्ये अर्धा-पाऊण मिनिट जाऊ द्यायचं. असं दहा-पंधरा वेळा केलं की पॅडच्या साहित्याचा एकसारखा पातळ थर डिस्कवर बसतो. नंतर काही किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवून दोन्ही निवू द्यायचे. थोडा जळका वास येतो, घाबरायचं नाही. पहिले दोन-तीनशे किलोमीटर हलका माल, आणि घाट टाळायचा. मग चाकाचे नट पान्याने पुन्हा आवळून घ्यायचे, पिनांना हात लावून पाहायचा, दोन्ही बाजूंचे पॅड सारखे झिजत आहेत का ते बघायचं. पुढे प्रत्येक हंगामाच्या तोंडाला एकदा चाक काढून पॅडची जाडी पाहायची. साहित्य ३ मिलिमीटरवर आलं की नवा संच मागवायचा, पत्रा घासायची वाट पाहायची नाही.